श्रीपतीची खबर

टेंभुर्णी, ता. १४ डिसेंबर १९४८

गिरिधर भावजींना विमलचा नमस्कार.

परक्या पुरुषाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. कोणाला दाखवू नका. माझं शिक्षण देऊळगावराजाला सातवीपर्यंत झालंय, तेव्हा अक्षर लागेल.

आज सहा दिवस झाले. बुधवारी तुम्ही तिघं निघालात. कचरूलालजींच्या डोक्यावर खोकं, तुमच्या खांद्यावर कॅमेऱ्याची ती तीन पायांची घोडी, आणि आमचे हे माझ्या नव्या शालीत. वाघजाळीच्या डोंगरावरच्या तळ्यात सूर्य उगवतो तो फोटोत धरायचा म्हणून हौसेनं चाललात. दहा वाजता परत आलात ते तुम्ही दोघंच. थोरले भाऊजी मार्तंडराव विचारायला आले तर म्हणालात, श्रीपती उजाडायच्या आधीच भांडून निघून गेला, चिखलीच्या रस्त्यानं.

भांडून? हे? अहो, माझ्या नवऱ्याला भाजीत मीठ न्हाई एवढं म्हणायला अर्धा तास लागतो.

सासूबाई ओट्यावरून उठत न्हाईत. जेवणाचं ताट तिथंच नेऊन ठेवावं लागतं. लग्नाला चौदा महिने झाले, मला एकोणिसावं चालू आहे. मला एकच लिहा. ते आहेत का न्हाईत? जे असेल ते सोशीन, पण मला अंधारात ठेवू नका.

विमल

*

जालना, ता. २१ डिसेंबर १९४८

सौ. विमलवहिनींस गिरिधरचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही जीव कशाला घाबरा करून घेता? श्रीपती धडधाकट आहे. मुंबईला सिनेमाच्या कंपनीत जातो असं त्याच्या डोक्यात बरेच दिवस होतं. आम्ही दोघांनी खूप समजावलं, बिलकुल ऐकलं न्हाई.

तुम्ही खोदून विचारलंत म्हणून लिहितो, राग मानू नका. तळ्याकाठी बसल्यावर तो म्हणाला, "गिऱ्या, मला घरी जावंसंच वाटत न्हाई. त्या बाईचं तोंड पाहिलं की जीव गुदमरतो." मित्राचं बोलणं मी तुमच्यापाशी कधी काढलं नसतं. पण परवा मार्तंडराव आमच्या स्टुडिओत आल्ते, त्यांनी फारच धरलं, त्यांना सांगावं लागलं.

डोकं ठिकाणावर आलं की येईल. सोनूबाईकाकूंना नमस्कार.

गिरिधर

*

टेंभुर्णी, ता. ११ फेब्रुवारी १९४९

गिरिधर भावजींना नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच ते वाक्य घरात आल्तं. आता ते सगळ्यांना पाठ आहे. पाण्याला गेले तर आडावरच्या बायका गप्प होतात, मी वळले की हसतात. काल मी खोलीतल्या आरशात नीट बघितलं. गुदमरण्यासारखं काय आहे ते मला दिसलं न्हाई. सासूबाईंनी बघताना पाहिलं आणि आरसा उचलून नेला. म्हणाल्या, "आता कोणाला दाखवायचंय?"

मी त्यांना काय केलं, ते म्हणाले का काही? माझं चुकलं असेल तर सुधारीन. कुठं दिसले तर खबर द्या. हात जोडते.

विमल

*

जालना, ता. ३ ऑगस्ट १९४९

सौ. विमलवहिनी आणि सर्व मंडळींस नमस्कार.

आनंदाची खबर. कचरूलालच्या कापडदुकानचा मुनीम रामकिसन गेल्या आठवड्यात भुसावळला गेल्ता. त्यानं श्रीपतीला स्टेशनावर पाहिलं. अंगावर तीच शाल. गाडी सुटत होती म्हणून बोलणं झालं न्हाई, पण त्यानं हात केला. तब्येत चांगली आहे. काकूंना म्हणावं, काळजी सोडा.

गिरिधर

*

देऊळगावराजा, ता. १६ जानेवारी १९५३

गिरिधरराव,

संक्रांतीला माहेरी आलेय म्हणून हे मोकळं लिहिते. उत्तर इथंच, माझ्या भावाच्या पत्त्यावर टाका.

कचरूलालजींच्या दुकानानं यंदा गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटलं. थोरल्या भाऊजींनी एक आणून स्वयंपाकघरात टांगलं. डोंगरावरचं तळं, मागं सूर्य, आणि पाण्यात उभा राहून ओंजळ वर केलेला एक माणूस. खाली तुमचं नाव, आणि मुंबईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं असं छापलंय. उजेडाला पाठ... न्हाई, पाठ आपल्याकडं आणि उजेड तोंडावर, म्हणून माणूस नुसता काळा दिसतो. घरात कोणी ओळखलं न्हाई. भावानं न्हाई, आईनं न्हाई.

मी ओळखलं. उजवा खांदा खाली टाकून उभे आहेत. चौदा महिने सकाळी त्या खांद्यावर सदरा चढवून दिलाय, एक बाही कायम हातावर उतरायची.

सासूबाई रोज आंघोळ झाली की त्या चित्राला हात जोडतात. म्हणतात, "बघ, किती श्रद्धेनं अर्घ्य देऊन राह्यला. न्हाई तर आमचा!" मी भाकरी थापत असते. आजवर एक अक्षर बोलले न्हाई.

त्यांना पोहता येत नव्हतं हे तुम्हाला ठाऊक होतं. चित्रात पाणी छातीला लागलंय. आणि तुम्ही म्हणाला होतात, ते उजाडायच्या आधीच निघून गेले. मंग हा सूर्य कुठला?

सगळं लिहा. एक शब्द गाळलात तर कॅलेंडर घेऊन पोलिसांत जाते.

विमल

*

जालना, ता. २ फेब्रुवारी १९५३

वहिनी,

चार वर्षं हे पत्र मनात लिहून राह्यलो होतो. आता खरंच लिहायला बसलोय.

आम्ही पोचलो तेव्हा झुंजूमुंजू होतं. पाण्यावर धुकं होतं. कचरूलालनं शेकोटी केली, श्रीपतीनं तुमच्या दशम्या सोडल्या. तळं फार सुंदर दिसत होतं, पण नुसतं पाणी फोटोत मेल्यासारखं येतं, त्यात माणूस पाहिजे. मी श्रीपतीला म्हणालो, कमरेइतका आत जा आणि सूर्याला अर्घ्य देतोस असा उभा राहा. तो म्हणाला, "गार आहे रे." कचरूलालनं चेष्टा केली, "नवी नवरी आहेस का?" मंग त्यानं शाल काठावर काढून ठेवली आणि गेला.

तेवढ्या उजेडात काचेच्या प्लेटीवर चित्र उमटायला तीनेक सेकंद लागतात. माणूस हलला की सगळं फिसकटतं. म्हणून मी बजावलं, "मी हो म्हणेपर्यंत हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई." पहिली प्लेट घेतली. सूर्य आणखी वर आला, तेव्हा म्हणालो, दोन पावलं पुढं हो, अजून एक घेऊ. तो झाला. मी काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, वहिनी. पाणी वर, माणूस खाली डोकं करून. पाणी कमरेवरून छातीला आलेलं मला त्या काचेवर दिसलं. मला वाटलं, वा, आता चित्र बराबर बसलं. खाली गाळ होता. त्याचे पाय रुतून राह्यले होते. आणि तो हलला न्हाई, कारण मी सांगितलं होतं.

मी प्लेट घातली, झाकण काढलं, तीन मोजले, झाकण लावलं. तेव्हा तो एकदाच म्हणाला, "गिऱ्या." मोठ्यानं न्हाई. तो कधी मोठ्यानं बोलतच नसे.

मला पोहता येतं. हे लिहिलंच पाहिजे. पण प्लेटीचा पडदा अर्धाच सरकला होता, तशीच सोडली असती तर तिला उजेड लागला असता. मी पडदा नीट बसवला, प्लेट खोक्यात ठेवली, खोक्याची कडी लावली, आणि मंग वळलो. पाण्यावर नुसती वर्तुळं होती.

मंग उडी मारली. गाळ आणि वेल यांशिवाय हाताला काही लागलं न्हाई, आणि त्या वेलांनी त्याला पुढंही कधी वर येऊ दिलं न्हाई. कचरूलाल काठावर रडून राह्यला होता. म्हणाला, पोलीस ॲक्शनला तीन महिने झाले न्हाईत, गावोगाव फौज आहे, आपल्याला खुनी ठरवतील. शाल मीच दगड बांधून पाण्यात टाकली.

तुमच्याबद्दलचं ते वाक्य मी बनवलं. लोकांनी दुसरं काही विचारू नये म्हणून. खरं विचाराल तर त्या पहाटे तो तुमच्याबद्दल चांगलं वाईट काहीच बोलला न्हाई.

मी टेंभुर्णीला येतो. काकूंच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगतो. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो. मला क्षमा करा.

गिरिधर

*

देऊळगावराजा, ता. २० फेब्रुवारी १९५३

गिरिधरराव,

यायचं न्हाई.

तुमचं पत्र चुलीत घातलं. तीन दिवस रडले, आईला सांगितलं डोळे आलेत. आता रडून झालं.

आमच्या घरात मागच्या खोलीत यांची चुलती राहते. सोळाव्या वर्षी तिचा नवरा गेला, आज ती साठीची आहे. डोक्यावर केस न्हाईत, अंगावर लाल आलवण. तिला कोणी मारत न्हाई, कोणी शिव्या देत न्हाई. फक्त कोणी हाक मारत न्हाई. त्या खोलीत दुसरी वळकटी मावेल एवढी जागा आहे आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

मी तेवीस वर्षांची आहे. टाकलेली बाई म्हणून चार वर्षं हिणवून घेतलं, तरी कपाळाला कुंकू आहे, हातात बांगड्या आहेत, पंगतीत पान आहे. तुम्ही थाप मारलीत आणि तिनंच मला त्या खोलीबाहेर ठेवलं. काय म्हणावं याला!

आमचे भटजी सांगतात, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मंग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोनं त्या दिवशी कुंकू पुसायचं. पण बारा वर्षं मोजायची ती शेवटची खबर आली तेव्हापासून. कळलं का? दर वर्षी चैत्रात तुम्ही खबर द्यायची. कोणीतरी त्यांना पाहिलं, कोणाशी तरी ते बोलले. जोवर तुम्ही लिहाल तोवर पुतळा होत न्हाई.

पत्र टेंभुर्णीलाच टाका. थोरले भाऊजी निजामाच्या उर्दू शाळेत शिकले, हाताचं मराठी त्यांना लागत न्हाई. घरात पत्र मीच मोठ्यानं वाचते. पण सगळी मंडळी समोर बसतात, मला अडखळून चालत न्हाई. म्हणून वाचायचं तेच लिहा.

यंदा त्यांच्या तोंडी एवढं घाला, की विमलनं गावच्या मुलींच्या शाळेत शिकवायला जावं, माझी हरकत न्हाई. जिवंतपणी त्यांनी मला कशालाच हो म्हटलं न्हाई, आता म्हणू द्या.

क्षमा मागितलीत. ती माझ्याकडं न्हाई. मागू नका.

विमल

*

जालना, ता. ४ एप्रिल १९५५

सौ. विमलवहिनी आणि सर्व मंडळींस नमस्कार.

यंदा प्रत्यक्ष मलाच योग आला. नाशिकला एका लग्नाचे फोटो काढायला गेल्तो. रामकुंडावर श्रीपती भेटला. दाढी वाढवली आहे, थोडा वाळलाय. अर्धा तास बोललो. घरी चल म्हणालो तर म्हणाला, अजून वेळ आली न्हाई. आईचा दमा कसा आहे, थंडीत काढा घेते का, असं दोनदा विचारलं. वहिनींच्या शाळेचं ऐकून त्याला बरं वाटलं.

गिरिधर

*

टेंभुर्णी, ता. ३० जून १९५५

गिरिधरराव,

पत्र चांगलं वठलं. जरा जास्तच चांगलं.

दम्याचं कोणी लिहायला सांगितलं होतं? सासूबाईंनी तेवढीच ओळ माझ्याकडून सात वेळा वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बोचकं बांधलं. भाऊजींना घेऊन नाशिकला गेल्या. अकरा दिवस रामकुंडावर बसल्या. येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायच्या, असा असा माझा लेक, रंग गव्हाळ, बोलतो हळू, नुकतीच दाढी वाढवलीय. पाय सुजले, छाती भरली, स्टेशनावरून घरी बैलगाडीत आडवं घालून आणलं. आणि तोंडावर केवढा आनंद! म्हणतात, "अगं, होता तिथंच. एक पुजारी सांगत होता, मी जायच्या दोनच दिवस आधी निघून गेला." खोटं बोलणारे आपण दोघंच न्हाई, गिरिधरराव. लोकांना फार आवडतं ते.

सुजलेले पाय मी शेकते. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. म्हणतात, "तुझ्या कुंकवात बळ आहे पोरी." मला तेव्हा तुमचा इतका राग येतो!

यापुढं लांबचं गाव लिहीत जा. कलकत्ता लिहा, रंगून लिहा. म्हातारीला जाता येणार न्हाई असं.

माझ्या वर्गात बावीस मुली आहेत.

विमल

*

जालना, ता. ९ सप्टेंबर १९६०

श्री. मार्तंडराव आणि ती. सोनूबाईकाकूंस, गिरिधरचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र गं. भा. विमलवहिनी वाचून दाखवतील. त्यांना माझी विनंती आहे, जे आहे तेच वाचा.

श्रीपती या जगात न्हाई. बारा वर्षांपूर्वी वाघजाळीच्या तळ्यात तो बुडाला. फोटोसाठी त्याला मी पाण्यात उभं केलं होतं. भुसावळ, नाशिक, कलकत्ता, सगळं मी रचलेलं आहे. तुमच्या भिंतीवर जे कॅलेंडर होतं त्यातला माणूस श्रीपतीच आहे.

काकू फार आजारी आहेत असं मार्तंडराव कचरूलालच्या दुकानात बोलले, ते मला कळलं. त्यांनी मुलाची वाट बघत जाऊ नये. पितृपक्ष चालू आहे. ज्याला मी खोटं अर्घ्य द्यायला लावलं, त्याला बारा वर्षांत कोणी ओंजळभर पाणी दिलं न्हाई. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. स्टुडिओतल्या फोटोकडं बघून ती विचारते, "बाबा, हा माणूस बाहेर कधी येणार?" मला आता जेवण जात न्हाई.

मार्तंडराव, तुम्ही मला पोलिसांत द्या. पण त्याचं करा.

अपराधी,
गिरिधर

*

टेंभुर्णी, ता. २ ऑक्टोबर १९६०

गिरिधरराव,

पाकिटावर माझं नाव आणि आत भाऊजींना मजकूर. डाव चांगला होता. सगळ्यांसमोर हातात कागद पडल्यावर ही बाई काय करणार, असंच ना?

सगळे बसले होते. सासूबाईंना बाजेवर उठवून बसवलं होतं, दहा दिवस पेजेशिवाय पोटात काही नव्हतं. पाकीट फोडलं आणि 'गं. भा.' वर नजर गेली. मी 'सौ.' वाचलं. तुम्ही लिहिलंत, श्रीपती या जगात न्हाई. मी वाचलं, श्रीपती सुखरूप आहे. तुम्ही लिहिलंत, पाण्यात उभं केलं. मी वाचलं, कलकत्त्याला गिरणीत काम लागलं. तुमची प्रत्येक ओळ डोळ्यानं वाचत होते आणि तोंडानं दुसरी म्हणत होते. शेवटी म्हटलं, "दिवाळीला घरी येतो, आईला सांग."

सासूबाई म्हणाल्या, "परत वाच." परत वाचताना माझ्या तोंडून संक्रांत गेलं. त्या म्हणाल्या, "अगं, मघाशी दिवाळी म्हणालीस." मी म्हणाले, "अक्षर लागलं न्हाई, दिवाळीच आहे." त्यांनी भाऊजींना यांच्या ताटावाटीला कल्हई लावून आणायला सांगितलं. आठव्या दिवशी गेल्या. शेवटपर्यंत पत्र मुठीत होतं. भाऊजी म्हणाले, राहू द्या, तिचं हेच औषध होतं. मुठीसकट सरणावर ठेवलं. तेव्हा तुम्ही जे लिहिलंत ते आता कुठंच न्हाई.

एक राहिलं. भाऊजींची धाकटी रजनी त्या दिवशी माझ्या मांडीला टेकून बसली होती. आठ वर्षांची आहे, माझ्याच वर्गात, सगळ्या मुलींत पहिली वाचायला शिकली ती. मी पत्र वाचत होते तेव्हा तिची नजर कागदावर होती. मंग माजघरात आली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही वेगळंच वाचलं."

मी तिला मारलं. आजवर कोणाच्या मुलीला बोट लावलं नव्हतं. कान धरून सांगितलं, तुला काही वाचता येत न्हाई, मोठ्यांचं लिहिलेलं मोठ्यांनाच लागतं, पुन्हा म्हणालीस तर शाळेतून नाव काढीन. तिनं मान हलवली.

तेव्हापासून ती शाळेत येते, बसते, पण वाचत न्हाई. पुस्तक समोर धरलं तर म्हणते, "मला येत न्हाई." पाटीवर तिचंच नाव लिहून दिलं, तरी म्हणते, "येत न्हाई." भाऊजी म्हणतात, आजी गेल्याचा धक्का बसला, होईल बरी. मला रात्री झोप न्हाई. पण तिला खरं सांगणार न्हाई, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

दिवाळीला ते आले न्हाईत की घरात विचारतील. तेव्हा दिवाळीच्या आत खबर पाठवा, कारण चांगलं द्या, अक्षर मोठं काढा. मी रजनीला शेजारी बसवूनच वाचणार आहे. या वेळी कागदावर असेल तेच मी म्हणेन, आणि ते तिला दिसलं पाहिजे.

सौ. विमल